कबुतरांच्या तारेवरची सीडी

९ फेब्रुवारी, रविवार

गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून टांगलेल्या सगळ्या जुन्या सीडी आज अण्णांनी सोडवल्या. स्टुलावर चढून, स्वतः. मी म्हटलं, उतरा, मी काढते. उतरले नाहीत. ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. उत्तर तर आता येतच नाही.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वास गळ्यातल्या भोकातून, त्यावर पांढऱ्या कापडाचा छोटा पडदा. तेव्हापासून हा माणूस खुर्ची ते पलंग एवढंच चालायचा. आज एकदम स्टुलावर!

एकेक सीडी घेऊन अंगठ्याने पुसत होते. शेवटी एक सापडली. वर मार्करने लिहिलेलं, उन्हाने उडत आलेलं – ‘कबड्डी. फायनल.’ खाली बसले, मांडीवर ठेवली. मग लिहायची पाटी ओढली (लहान मुलांची असते तसली, बटण दाबलं की कोरी) आणि माझ्यापुढे धरली. ‘ही चालली पाहिजे.’

कोणी टांगली ती तिथे? आठवत नाही कोणाला. घरात सीडी लावायचं यंत्रच राहिलं नाही, तेव्हा कधीतरी सगळ्या एकदम तारेवर गेल्या.

अण्णा कबड्डीच्या सामन्यांना माइकवर असायचे. आठवडाभर भोसरीचा कारखाना, सुट्टीला मैदान. परळीहून आलेला माणूस, पण अर्ध्या पुण्यातली मंडळं त्यांना बोलवायची. या फायनलचं शूटिंग तेव्हाच्या केबलवाल्याने केलं होतं. त्या सुट्टीत मी आणि धाकटा अभी मामाकडे होतो, त्यामुळे आम्ही सामना पाहिला नाही. सीडीही कधी नीट बसून पाहिली नाही.

आई दारात येऊन उभी होती. स्टूल उचलून आत नेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

अभीला फोन केला. तो एकदम उसळलाच. म्हणाला, “ताई, जुना आवाज मिळाला ना, क्लीन हवा फक्त, तर फोन त्यांच्या आवाजात बोलेल. ते टाइप करतील आणि अण्णांचाच आवाज येईल. आमच्या ऑफिसात एकजण हेच करतो.”

मला शाळेत स्टाफरूममध्येच रडू आलं. दवाखान्यातून दिलेलं ते गळ्याला लावायचं यंत्र अण्णांनी एकदाच लावलं होतं. घरघर, पत्र्यासारखा आवाज. तेव्हापासून ते कपाटात आहे.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी हो धरलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिसबा तिच्याकडचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेऊन आली. शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहते, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लग्नाची डीव्हीडी आहे म्हणून ड्राइव्ह जपून ठेवलाय – “नवऱ्याला अधूनमधून दाखवावं लागतं, तू किती हसत होतास ते.”

सीडी घातली. ड्राइव्ह घरघरला, खाटखाट केलं आणि बाहेर ओकला. पुन्हा तेच.

मिसबाने ती ट्यूबलाइटसमोर धरली. छापील बाजूला दोन-चार बारीक ठिपक्यांतून उजेड दिसत होता. ती म्हणाली, ते चालतंय, चकाकी वरच्या बाजूलाच असते, ती निघाली असती तर संपलं होतं. ओरखडे खालच्या बाजूला आहेत, ती बाजू नुसती प्लास्टिक. घासून गुळगुळीत केली तर यंत्राला आरपार दिसेल. पण कड फार वाईट आहे. वाऱ्याने ग्रिलवर आपटत राहिली असणार, मांजराने बोचकारल्यासारखी झालीय.

“सीडी आतून बाहेर वाचली जाते, अण्णा. म्हणजे सामन्याची सुरुवात मिळेल कदाचित. कडेला शेवट आहे, तो अवघड दिसतोय.”

अण्णांनी कडेवर बोट ठेवलं. तिच्याकडे बघत तिथेच दोनदा टकटक केलं.

मिसबा म्हणाली, बघू या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर टूथपेस्ट.

पांढरी साधी पेस्ट हवी, जेलची नाही – जेलने नुसता वास सुटतो, घासलं जात नाही. पण अण्णा लगेच खऱ्या सीडीला लागले नाहीत. कबुतरांच्या बाकीच्या सीडी पुढ्यात मांडल्या आणि आधी त्यांच्यावर सराव! आईच्या जुन्या वायलच्या पातळाचा तुकडा. एक थेंब भांड्यांचा साबण, साध्या पाण्याने धुणं, कोरडी करणं, मग हरभऱ्याएवढी पेस्ट. बोटाने किती दाबलं तर चालतं, किती दाबलं तर नवीन चरे पडतात, हे सगळं आधी त्या बिचाऱ्यांवर. एक सीडी पार दुधाळ करून टाकली. ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. कपाळाला आठी नाही.

मी शाळेत मुलांना प्रयोग शिकवते. एवढा धीर माझ्याकडे नाही, खरं सांगायचं तर कोणाकडेच पाहिलेला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

अभी आला. वाघोलीहून वारज्याला, म्हणजे अख्खं शहर ओलांडून. आल्या आल्या म्हणाला, द्या इकडे, आणि ताट घासतात तशी गोल गोल घासायला लागला. अण्णांनी त्याचं मनगटच धरलं.

मग दाखवलं. मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेघ. पुन्हा भोकापासून कडेपर्यंत. सूर्याचे किरण काढतात तसं. यंत्र गोल फिरत वाचतं ना, म्हणून गोल चरा पडला तर ते त्याच चऱ्यात अडकून राहतं. आडवा पडला तर उडी मारून पुढे जातं. हे मिसबाने सांगितलेलं. अण्णांनी पाटीवर एवढंच लिहिलं, ‘गोल नाही.’

अभी म्हणाला, “सॉरी, साहेब.”

अण्णा हसले. आवाजाशिवाय हसणं कसं दिसतं ते मला अजून सवयीचं होत नाही. खांदे हलतात फक्त.

जेवताना अभीच बोलत होता. आवाज असा बनवू, तसा बनवू. आई वाढत होती. अभी म्हणाला, आई, तू सांग, अण्णांच्या आवाजातलं पहिलं वाक्य काय ठेवायचं? आईने त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खायचा सोडा पाण्यात कालवून. जमलं नाही. ओटा मात्र चकाचक.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज खऱ्या सीडीला हात लावला.

गॅलरीतल्या उन्हात बसले होते. खाली लिफ्टपाशी सोसायटीची नवी पाटी लागलीय – ‘कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांनी कबुतरे स्वतःच्या घरात पाळावीत.’ आमच्या गॅलरीत आता सीडी नाहीत, त्यामुळे सगळी इकडेच. अण्णा काठीने हुसकवायचे, परत बसायचे, परत घासायचे.

सीडी कोरडी केली. कापडाचं एक बारीक तूस चिकटून राहिलं. अण्णांनी ती तोंडाजवळ नेली, गाल फुगवले, ओठांचा चंबू केला, आणि फुंकर आलीच नाही. कशी येणार. हवा गळ्यातूनच जाते. त्यांनी पुन्हा केलं. सवय!

मी उठणार एवढ्यात आई पुढे झाली. वाकली, त्यांच्या हातातल्या सीडीवर हलकेच फुंकर मारली. तूस उडालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढचं तूस लागलं, त्यांनी नुसती सीडी वर धरली, तिने फुंकर मारली. तासभर चाललं हे.

मी भाजी निवडत होते. ती तशीच हातात राहिली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कालच्या महाशिवरात्रीची केळी उरली होती. मिसबा म्हणे, केळ्याचाही उपाय सांगतात लोक, अर्ध्या केळ्याने चोळायचं, मग सालीच्या आतल्या बाजूने पुसायचं. तिचा स्वतःचा विश्वास नव्हता. अण्णांचाही नव्हता, पण सरावाच्या सीडीवर केलं. नको त्या उपायालाही नीट न्याय दिला त्यांनी!

थोडी चकाकी आली खरी. मग आम्ही चहाला आत गेलो आणि येऊन बघतो तर सीडीवर मुंग्या.

२ मार्च, रविवार

लागली.

नीट लिहायला हवं.

सकाळी अण्णांनी पेस्टचा शेवटचा हात मारला, धुतली, आणि वर व्हॅसलिन. अगदी पातळ, पुन्हा पुसून टाकलेलं, म्हणजे उरलंसुरलं चऱ्यांमध्ये भरून राहावं. मिसबाने बजावलं होतं की जाड राहिलं तर ड्राइव्ह खराब होईल. अभीने सीडी आत सरकवली. घरघर. थांबलं. पुन्हा घरघर. आणि पडद्यावर चौकोन चौकोन हलायला लागले, त्यातून एक मैदान, मातीचं, कडेला दिवे, आणि आवाज.

“नमस्कार मंडळी! सरकून बसा, मागच्यांनाही बघू द्या, त्यांनीही तिकीट काढलेलं नाही…”

अण्णा.

तो आवाज मी विसरले होते. ऑपरेशनच्या आधीचं शेवटचं वर्ष घोगरंच गेलं, तेवढंच डोक्यात राहिलं होतं. हा केवढा भरदार, केवढा खट्याळ. चढाईवाला मध्यरेषा ओलांडतो, तसा आवाज खाली येतो, कुजबुजतो, आणि पकड झाली की अख्खं मैदान उचलतो. माणूस खेळत नव्हता, पण खेळ त्याच्या तोंडात होता.

अभी रडत होता आणि रेकॉर्डही करत होता.

मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते कोसळतील. नाही. शांत ऐकत होते, कोणा ओळखीच्या माणसाचं ऐकावं तसं. मधेच मागे वळून आईकडे बघत. आई दाराच्या चौकटीला टेकून थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली.

पुरुषांची फायनल संपली. निवेदन आलं, “आता महिलांचा अंतिम सामना…” आणि तिथून चित्र फाटलं. खाटखाट. बंद.

“बास!” अभी म्हणाला. “हवं त्याच्यापेक्षा जास्त मिळालं. अण्णा, जिंकलात तुम्ही.”

अण्णांनी सीडी बाहेर काढली. साबणाने व्हॅसलिन धुतलं. टूथपेस्टचं झाकण उघडलं.

५ मार्च, बुधवार

आता का? मला कळत नाही. आवाज मिळाला. अभीने तो कोणाकडे तरी पाठवलाही. तरी हे रोज उन्हात बसून फक्त कड घासतायत. बोटभर रुंदीची गोल पट्टी, तिच्यावर भोकाच्या बाजूने बाहेर, छोटे छोटे हात. मान अवघडते, गळ्यावरचा पडदा ओला होतो, खोकला येतो, थांबतात, पुन्हा.

आईसुद्धा आज बोलली. कितीतरी दिवसांनी तिचं पूर्ण वाक्य ऐकलं. “जाऊ द्या की. कशाला जीव काढायलाव तिच्यापायी.”

अण्णांनी मान हलवली. हे ‘नाही’ मात्र स्पष्ट होतं.

मी चिडले होते. पण संध्याकाळी त्यांनी सीडी उजेडाला धरली आणि पाहिलं तर जिथे मांजराची नखं होती तिथे आता धुकं होतं फक्त. हे हातांनी केलं!

७ मार्च, शुक्रवार

बिनरंगी बूटपॉलिश. अभीच्या लग्नाच्या वेळचं, डबीत वाळत आलेलं. सरावाच्या सीडीवर व्हॅसलिनपेक्षा छान बसलं, मेणासारखं भरलं आणि कापडाने पुसलं की चिकटपणा नाही. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी काय केलं होतं? डबी शोधून दिली. तरी दिवसभर खुशीत होते मी.

९ मार्च, रविवार

दुपारी. मी, अण्णा, मिसबा. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. अभी यायचा होता अजून.

कड आज काचेसारखी दिसत होती. सीडी आत गेली. अण्णांनी स्वतः पुढे ढकललं, जिथे फाटलं होतं तिथपर्यंत. चौकोन, चौकोन, एक अडखळ. आणि पुढे गेली!

अण्णांचाच आवाज. पण बसलेला. दिवसभर ओरडून चिरकलेला. “मंडळी… महिलांच्या सामन्याला… माझा गळा साथ…” मग खोकला. मग माइक कुठेतरी घासल्याचा आवाज. मैदानात कुजबुज. मोठी शांतता.

आणि एका बाईचा आवाज.

“नमस्कार.” इतका बारीक की कोणीतरी ओरडलं, ऐकू येईना. “नमस्कार. ह्यांचा गळा बसलाय. खेळ थांबायचा नाही म्हणून मी सांगायले. चुकलं तर सांभाळून घ्या.”

मिसबाने माझा हात घट्ट धरला. मला एवढ्या वेळानंतर कळलं, कोण ते.

पहिल्या दोन चढाया आवाज कापत होता. तिसऱ्या चढाईला तो कापायचा थांबला. “पांढरी पट्टी बांधलेली पोरगी निघाली. हिचा उजवा पाय आधी पडतो, बघा. पडला. ही हाताने फसवते, पायावर लक्ष ठेवा. डाव्या कोपऱ्यातली, अगं घाई नको. येऊ दे तिला आत. अजून येऊ दे. अजून. आता धर! धरली, धरली, सुटायची नाही आता, सगळ्याजणी या…” मैदान गरजलं. आणि मग लाजून, माइकमध्येच, “माफ करा, मंडळी. मी खेळणारीलाच सांगायले.” हशा. टाळ्या. त्यानंतर तो आवाज कोणाला थांबता थांबेना. अण्णा खेळ रंगवायचे. ही खेळ आतून सांगत होती. कोणाचा दम संपत आलाय, कोणाचं धाडस नुसतं वरवरचं, पाऊल पडायच्या आधी ते कुठे पडणार. बायका पुढे येऊन बसलेल्या दिसत होत्या. शेवटच्या चढाईला तिने आवाज एवढा खाली नेला की मैदानावर एकही माणूस हलत नव्हता.

मी मागे पाहिलं. आई दारात. हातात मटाराची शेंग, अर्धी उघडलेली.

“आई, हे तू?”

“मग कोण.” ती पडद्याकडेच बघत होती. “शाळेत होते तेव्हा अंबाजोगाईला खेळायची मी. डावा कोपरा. त्या दिवशी ह्यांच्या बाजूला बसून नावं सांगायली होते, तर ह्यांनी माइकच मांडीवर ठेवला माझ्या.”

“मग पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी मंडळातलं कोणीतरी म्हणलं, बाईचा आवाज माइकवर बरा दिसत नाही. ह्यांनी सांगितलं, मग माझाबी नको. तेव्हापासून गेलेच नाहीत.”

आम्हाला वाटायचं कारखान्यातली पाळी बदलली म्हणून अण्णांनी माइक सोडला. तसंच सांगितलं होतं आम्हाला. एवढी वर्षं. आणि ते किती प्रेम करायचे त्या माइकवर!

अभी आला. त्याला सगळं पुन्हा लावून दाखवलं. तो म्हणाला, “भारी आहे, आई! आपल्या कामाचं नाही, पण भारी आहे.”

आई पुढे येऊन अण्णांच्या शेजारी सोफ्यावर बसली. मिसबाने सामना पुन्हा पहिल्यापासून लावला. अर्ध्यावर आई पडद्याला बोट लावून म्हणाली, “इथं चुकले मी. ही पकड घोट्याची नव्हती, गुडघ्याची होती.” आणि मग बोलतच राहिली.

१० मार्च, सोमवार

सकाळी अण्णांना म्हटलं, अभी रविवारी येतोय, फोनमधला तुमचा आवाज तयार होत आलाय.

त्यांनी पाटी घेतली नाही. माझ्याकडे तोंड करून नुसत्या ओठांनी बोलले, सावकाश. आईला नेहमी कळतं, मला कधी कळलं नव्हतं. आज शब्द न् शब्द कळला.

“मला नको होता माझा आवाज. तिला तिचा ऐकवायचा होता. मी गप्प झालो, पुनी, तशी तीपण गप्प झाली. तुमच्या लक्षात नाही आलं.”

आत आई परळीच्या मामीशी फोनवर बोलत होती. डाव्या कोपऱ्यातल्या पोरीने पाय कसा धरला ते, अगदी पहिल्यापासून, मोठ्याने. दूध उतू गेल्याचा वास आला. मला. अण्णांना आता वास येत नाही, नाकातून हवाच जात नाही. मी उठायला गेले, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं.

बोलू दे.